खबर आणि दखल

विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर एक बातमी वर्षातून कितीतरी वेळा दिसते. गळ्यात हार घातलेले, थोडे भांबावलेले जोडपे. मागे तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, सरपंच आणि कडेला एखादा खाकीतला जमादार. मथळाही ठरलेला: तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे वाचून हसू येते. पोलीस लग्ने कधीपासून लावू लागले? पण हेच प्रकरण समितीऐवजी थेट ठाण्यात गेले असते, तर मुलीच्या बापाने पळवून नेल्याची तक्रार दिली असती, मुलगा कोठडीत, मुलगी मामाच्या घरी डांबलेली आणि दोन घरांत पुढची वीस वर्षे वैर. ते हारांवर भागले, ही लहान गोष्ट नाही. (मुलगी अठराची आणि मुलगा एकविसाचा आहे की नाही, हे कागद पाहून ठरवण्याचे काम मात्र त्या फोटोतल्या जमादाराचे असते.)

पोलीस आणि लोक यांच्या भागीदारीवर बोलायला सुरुवात करावी ती अशा फोटोपासून. परिसंवादांत हा विषय फार गुळगुळीत होतो. 'जनतेचे सहकार्य', 'पोलीस तुमचे मित्र' अशा फलकांखाली तो झाकून जातो. प्रत्यक्षात तो जमादार कोणत्या बीटचा, पोलीस पाटील कोणत्या घरातला, समितीत कोण बसले आणि कोणाला बोलावलेच नाही, या प्रश्नांवर सगळे ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातले कळंब हे प्रश्न विचारण्यासाठी चांगले ठिकाण आहे. धाराशिव जिल्ह्यातले कळंब वेगळे; हे चक्रवती नदीकाठचे, चिंतामणीचे. इथला गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो आणि त्याच्या दर्शनाला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते. यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणारी वाहतूक गावातून वाहते. वर्षानुवर्षे रखडलेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि तालुक्याला ब्रॉडगेजची गाडी मिळाली. शहराला नगरपंचायत आहे. जोडमोहा, मेटीखेडा, डोंगरखर्डा अशी बाजाराची गावे आहेत. त्यांच्या पलीकडे कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचे बेडे. म्हणजे एका ठाण्याच्या नकाशात यात्रा, हमरस्ता, स्थानक, कापसाची शेते आणि जंगलाच्या कडेची वस्ती, सगळे एकत्र.

अशा मुलखातला गुन्हा सिनेमातल्यासारखा नसतो. विहिरीवरचा मोटारपंप जातो. केबल कापून आतले तांबे विकले जाते. स्प्रिंकलरचे पाइप रातोरात नाहीसे होतात, गोठ्यातून बैल, बाजारातून दुचाकी. कापूस विकून घरात पैसा आला की कुलपे तुटतात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावांची भांडणे होतात आणि त्यातली एखादी कुऱ्हाडीपर्यंत जाते. वरली-मटक्याचा आकडा, गावठी दारूची भट्टी, आणि अलीकडे बँकेतून बोलतो म्हणून ओटीपी मागणारा गोड आवाज. यातला शेवटचा सोडला तर बाकी बहुतेक प्रकारांत गावात कुणाला ना कुणाला काहीतरी माहीत असते. भंगार कोण विकत घेतो, रात्री कुणाचा टेम्पो उभा होता, भट्टी नाल्याच्या कोणत्या वळणावर आहे. हे ठाण्याला माहीत नसते, किंवा माहीत असूनही तसे कागदावर नसते.

पोलिसांना लोकांकडून हवी असते ती खबर. लोकांना पोलिसांकडून हवी असते ती दखल. भागीदारी नावाचा सगळा व्यवहार या दोन गोष्टींच्या देवाणघेवाणीवर चालतो. आजवरच्या बहुतेक योजना फसल्या त्या एकाच कारणाने: खबर गोळा करण्याची सोय त्यांनी केली, दखल देण्याची केली नाही.

या देवाणघेवाणीचा सर्वांत जुना मध्यस्थ म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी राज्याने १९६२ च्या कायद्याने मोडली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद केले. नेमणूक महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून, काम पोलिसांचे, आणि राहणे गावात. गावात आलेल्या अनोळखी माणसाची खबर देणे, संशयास्पद मृत्यू कळवणे, गुन्हेगाराला ठाण्यात पोहोचवायला मदत करणे, गावातली शांतता बिघडण्याची चिन्हे आधी सांगणे, अशी त्याची कर्तव्ये आहेत. मानधन दीर्घकाळ नावापुरते होते. २०२४ मध्ये सरकारने ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये महिना केले. अनेक गावांत आता महिला पोलीस पाटील आहेत.

कागदावर ही व्यवस्था जगातल्या बहुतेक सामुदायिक पोलीस योजनांपेक्षा जुनी आणि स्वस्त आहे. अडचण अशी की पोलीस पाटलाला रात्री त्याच गल्लीत झोपायचे असते. भट्टीवाल्याचे नाव त्याने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याला कळले की सांगणारा कोण, तर पुढच्या वेळी पाटील गप्प बसतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण खबर देणाऱ्याचे नाव ठाण्यात राखले गेले की नाही, ही जबाबदारी त्याची नव्हती.

दुसरा मोठा प्रयोग १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाला: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याआधी ग्रामविकास खात्यात असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालवले होते. गावागावांत स्पर्धा लावायची, गुण द्यायचे आणि बक्षीस ठेवायचे, ही रीत त्यांनी गृहखात्यात आणली. ग्रामसभेने समिती निवडायची. समितीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीटचा पोलीस, शिक्षक, बचतगटातल्या बाया. दिवाणी, महसुली, फौजदारी अशा तंट्यांची नोंदवही ठेवायची, जे कायद्याने मिटवता येतात ते समोरासमोर बसवून मिटवायचे, आणि नवे उद्भवू नयेत म्हणून प्रयत्न करायचे. गाव पात्र ठरले की लोकसंख्येच्या प्रमाणात लाखांत बक्षीस.

या मोहिमेची थट्टा पुष्कळ झाली आणि काही अंशी ती योग्यही होती. बक्षिसाला गुण हवेत, गुणांना मिटलेले तंटे हवेत, म्हणून आधी नोंदवहीत तंटे वाढवायचे आणि मग मिटवायचे, असा उद्योग काही ठिकाणी चालला. अध्यक्षपद हे पंचायत निवडणुकीची पहिली पायरी बनले. त्याहून गंभीर म्हणजे 'गावाचे नाव खराब होईल' हे वाक्य समितीच्या तोंडी आले. शेजाऱ्याचा धुरा कोरला, शिवीगाळ झाली, किरकोळ मारहाण झाली, तर तडजोड कायद्यालाही मान्य आहे. बलात्कार, अट्रॉसिटी, लहान मुलांवरचे अत्याचार यांत ती मान्य नाही, आणि तिथे समितीने 'समजावून सांगणे' म्हणजे पीडितेचे तोंड दाबणे होय. यातले अंतर सगळ्या समित्यांना समजले होते असे म्हणता येणार नाही.

तरीही या मोहिमेने एक काम केले, जे आधी कुणी केले नव्हते. बीट जमादाराला तिने ग्रामसभेत खुर्चीवर बसवले. तोवर तो गावात यायचा तो वॉरंट घेऊन किंवा पंचनाम्याला. धुऱ्याच्या भांडणात कुऱ्हाड निघण्याआधी तो चहाला येऊ शकतो, ही कल्पना या समितीने रुजवली. खुनाचा पाया अनेकदा अशाच किरकोळ, कंटाळवाण्या वादात असतो, हे गावाकडे काम केलेला कुठलाही ठाणेदार सांगेल.

दारूच्या प्रश्नावर मात्र खबर आणि दखल यांचे गणित उघडे पडते. कळंबहून वर्ध्याकडे निघाले की थोड्याच वेळात माणूस दारूबंदीच्या जिल्ह्यात शिरतो. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, यवतमाळात नाही. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. सीमेवरच्या तालुक्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: इकडे विकत मिळते ती बाटली तिकडे गेली की महाग होते, आणि ती नेणारी पोरे इकडचीच असतात. यवतमाळ जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदीसाठी 'स्वामिनी' आंदोलनातल्या हजारो बाया रस्त्यावर उतरल्या. परवान्याचे दुकान बंद करायचे असेल तर मतदान घेता येते, बाटली आडवी की उभी. पण त्यासाठी मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ही अट कुठल्याही आमदाराला लावली तर विधानसभा बरीच रिकामी राहील.

आणि बिनपरवान्याच्या भट्टीला तर मतदानही लागत नाही. तिथे लागते ते फक्त ठाणे. बचतगटातल्या बाया भट्टीची जागा सांगतात, कधी स्वतः मडकी फोडतात, पोलीस येतात, मोहाचा सडवा नाल्यात ओततात, फोटो निघतो. चार दिवसांनी धूर पुन्हा दिसतो. आता त्या बायांना दोन गोष्टी कळलेल्या असतात: खबर दिल्याने भट्टी बंद होत नाही आणि खबर दिल्याने भट्टीवाला मात्र ओळखतो. पुढच्या वेळी त्या फोन करतील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

दखल मिळतच नाही तेव्हा काय होते, याचे विदर्भातले सर्वांत भयानक उदाहरण नागपूरचे आहे. कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे बायांवर अत्याचार केले. तक्रारी झाल्या, त्याला पकडले गेले, तो सुटला, पुन्हा आला. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या आवारात, पोलिसांच्या ताब्यात असताना, वस्तीतल्या जमावाने त्याला ठार मारले. त्यात मोठ्या संख्येने बाया होत्या. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्या घटनेचे कौतुक करणारे अजूनही भेटतात. कौतुक करण्यासारखे त्यात काही नाही. जिथे शेकडो माणसांना गुन्हेगाराचे नाव, पत्ता, सवयी सगळे माहीत होते आणि ठाण्याला त्याचे काही वाटले नाही, तिथल्या व्यवस्थेचा तो मृत्यू होता.

खबर नसते आणि अफवा असते, तेव्हा दुसरे टोक दिसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲप संदेशांवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावाने ठेचून मारले. ते सोलापूरकडून भिक्षा मागत आले होते. फिरस्त्यांनी ठाण्यात किंवा पोलीस पाटलाकडे 'मुसाफिरी'ची नोंद करण्याची जुनी पद्धत महाराष्ट्रात आहे. गावात आलेला माणूस कोण, हे नोंदवहीत पाहून सांगणारा एक विश्वासाचा माणूस गावात असणे, याची किंमत अशा वेळी समजते.

महाराष्ट्राच्या पोलीस खात्याने स्वतःच घडवलेले आणि देशभर अभ्यासले गेलेले यश भिवंडीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. यंत्रमागांचे हे शहर ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर पेटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या दंगलीच्या पक्षपाती तपासावर कठोर ताशेरे ओढले. १९८४ मध्ये ते पुन्हा पेटले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. जुन्या शांतता समित्या त्यांनी पाहिल्या: सणाआधी एक बैठक, दोन्ही समाजांतले तेच ते पुढारी, चहा, आवाहन, पांगापांग. पुढारी दंगल थांबवत नाहीत, काही तर तिच्यावरच वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी गल्लीनिहाय सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली: यंत्रमाग कामगार, पानवाला, शिक्षक, गृहिणी. प्रत्येक समितीची जबाबदारी एखाद्या हवालदारावर किंवा कनिष्ठ अधिकाऱ्यावर टाकली. बैठका दंगलीसाठी नव्हत्या. नळ, गटार, नवरा-बायकोचे भांडण, भाडेकरूचा वाद, जे निघेल ते. दंगलीवर बोलायची वेळ येईल तेव्हा माणसे आधीच ओळखीची असावीत, एवढाच हेतू.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यात ९०० माणसे गेली. भिवंडी शांत राहिली. तोवर खोपड्यांची बदलीही झाली होती आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. म्हणजे व्यवस्था एका माणसावर उभी नव्हती, किमान एक बदली तिने पचवली.

भिवंडीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. ५ जुलै २००६ ला त्याच भिवंडीत, कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात दोन माणसे मेली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना मारून टाकले. वाद कशावरून, तर ठाण्याच्या जागेवरून: ज्या शहराने पोलीस आणि वस्ती एकत्र बसवण्याचा धडा राज्याला दिला, तिथे ठाणे कुठे बांधायचे हे वस्तीशी बसून ठरले नाही. समित्यांची सवय मोडली की ती किती लवकर मोडते, हेही भिवंडीनेच दाखवले. मुंबईत दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला समिती चळवळ उभी केली. ती दीर्घकाळ टिकली, कारण नागरिकांनी तिचा ट्रस्ट केला आणि ती कुठल्या एका आयुक्ताच्या मर्जीवर ठेवली नाही.

जगभरातला अनुभवही आशेला थोडा लगाम घालणारा आहे. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतल्या सामुदायिक पोलीस प्रयोगांचा एकत्रित अभ्यास छापून आला. निष्कर्ष असा की अशा योजनांनी लोकांचा पोलिसांवरचा विश्वास लक्षणीय वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. संशोधकांनी दिलेली कारणे कळंबच्या माणसाला ओळखीची वाटतील: वरिष्ठांचा पाठिंबा टिकला नाही, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, आणि लोकांनी मांडलेल्या तक्रारींवर काही करायला पोलिसांकडे साधने नव्हती. बैठक घेतली, ऐकून घेतले, आणि पुढे काहीच झाले नाही. अशा बैठकीपेक्षा न घेतलेली बैठक बरी.

बदल्यांचा मुद्दा आपल्याकडे कायद्यातच लिहिलेला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे निरीक्षक दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आणि शिपाई-हवालदारांचा पाच वर्षांचा. याचा सरळ अर्थ असा की भागीदारी ठाणेदाराच्या उत्साहावर बांधली तर ती दोन वर्षांची, आणि बीट जमादारावर बांधली तर पाच वर्षांची. खोपड्यांनी हवालदाराला केंद्रस्थानी ठेवले ते याच हिशेबाने. आपल्याकडचे उपक्रम मात्र नेमके उलटे चालतात. नवा अधिकारी येतो, नवे नाव देतो, उद्घाटन होते. त्याची बदली होते आणि त्याच्यानंतरचा अधिकारी त्याच उपक्रमाला स्वतःचे नाव शोधतो. बीट जमादार सगळी नावे पाहतो आणि बंदोबस्ताला जातो.

बंदोबस्त हा शब्द इथे सहज आलेला नाही. गणपती, दुर्गादेवी, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, परीक्षा: बीटच्या पोलिसाचा महिना यातच सरतो. ज्याच्याकडे पंधरा-वीस गावे आणि एक दुचाकी आहे, त्याने प्रत्येक गावात महिन्यातून एकदा बसावे ही अपेक्षा योग्य आहे. त्यासाठी त्याला काही दिवस बंदोबस्तातून सोडणे ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. पेट्रोलपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंतचा खर्च कोण करतो, हेही कुणीतरी विचारावे.

दुसरा धोका लोकांच्या बाजूने असतो. मदतीला आलेला नागरिक कधी पोलिसासारखा वागू लागतो, ते कळतही नाही. तमिळनाडूत प्रतीप फिलिप यांनी १९९३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' सुरू केले आणि ते राज्यभर पसरले. जून २०२० मध्ये सातानकुलम इथे बापलेकांचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मृत्यू झाला. त्या प्रकरणात या मित्रमंडळींच्या सहभागाचे आरोप झाले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. आपल्याकडच्या ग्राम सुरक्षा दलांना, पोलीस मित्रांना हे प्रकरण वाचून दाखवावे. रात्रीची गस्त घालणे, शिट्टी वाजवणे, ११२ ला फोन लावणे, इथे त्यांचे काम संपते. पकडलेल्याला हात लावण्याचा अधिकार त्यांना नाही. मारण्याचा तर पोलिसांनाही नाही.

आणि गस्तीच्या काठीचा पहिला रोख कुणाकडे वळतो, हे यवतमाळ जिल्ह्यात सांगायला नको. पारध्यांच्या बेड्याकडे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतः चोर ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्यातून गेला. पुढे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातली सवय तशीच राहिली: चोरी झाली की आधी बेड्यावर गाडी. त्या बेड्यावरच्या बाईची स्वतःची कोंबडी, सायकल किंवा अब्रू गेली तर ती ठाण्याची पायरी चढेल का? कोलामांच्या पोडावर तक्रार सांगायची तर आधी भाषा आडवी येते. घरात कोलामी, ठाण्यात मराठी, कागदावर त्याहून अवघड मराठी. तंटामुक्त समितीत यांच्यापैकी कुणी असते का, असले तर बोलते का, याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत नव्हती. ज्यांच्यावर गावाचा संशय आहे त्यांनाच वगळून केलेली समिती म्हणजे गावातल्या बळकटांनी पोलिसांशी केलेली मैत्री. ती गुन्हे कमी करत नाही, गुन्ह्याचा पत्ता आधीच लिहून ठेवते.

बायांच्या बाबतीत विदर्भाची आठवण आणखी जुनी आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडले, चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर बाया उठल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. नागपुरात २०१७ मध्ये सुरू झालेला भरोसा सेल आणि पुढे इतर जिल्ह्यांत निघालेली तशीच केंद्रे या लांब रस्त्यावरची पावले आहेत. समुपदेशक, वकील, पोलीस एका छताखाली असणे चांगलेच. कळंबसारख्या ठिकाणाहून त्या छतापर्यंत एसटीने जावे लागते, हे लक्षात ठेवावे.

कायदा स्वतःच पोलिसांवर किती विश्वास ठेवतो, हे पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमापर्यंत, पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दीडशे वर्षांत राजवट बदलली, संहिता बदलल्या, ही शंका बदलली नाही. तेव्हा लोकांनी पोलिसांवर आपोआप विश्वास ठेवावा, असे व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाच नाही. विश्वास एकेका तक्रारीने कमवावा लागतो.

त्यासाठीची हत्यारे मात्र आता नागरिकाच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात भर घातली: घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, तक्रार घ्यावी लागते, प्राथमिक माहिती अहवालाची प्रत पूर्वीप्रमाणेच मोफत द्यावी लागते, आणि तपास कुठवर आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत कळवावे लागते. ही शेवटची तरतूद सर्वांत कमी माहीत असलेली आहे आणि या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. मोटारपंप सापडला नाही, हे शेतकरी समजून घेऊ शकतो. तीन महिन्यांत कुणी एक फोनही केला नाही, हे तो समजून घेत नाही. पुढच्या चोरीच्या वेळी तो ठाण्यात येत नाही, आणि ठाण्याच्या आकडेवारीत गुन्हे घटलेले दिसतात.

कळंब तालुक्यातल्या वाचकाला म्हणून एवढेच सुचवायचे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. पुढच्या सभेला बीट जमादाराला रीतसर बोलवा आणि गेल्या सभेपासून गावातून गेलेल्या तक्रारींचे काय झाले, ते नावे न घेता त्याच्याकडून सभेत ऐका. सभा भरवण्याआधी पोडावर आणि बेड्यावर निरोप गेला का, हे सरपंचांना विचारा. कळंब शहरात ग्रामसभा नाही. तिथे नगरसेवकांनी आपल्या प्रभागात अशी बैठक मागावी, सणाच्या आधीची शांतता समितीची नव्हे, साध्या महिन्यातली, आणि तिला पुढाऱ्यांऐवजी रिक्षावाले, भाजीवाल्या, स्थानकाबाहेरचे टपरीवाले बसवावेत. ठाणेदारांकडे यासाठी अर्ज लेखी द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.